ताडाची हातोडी

…आणि वर मलाच विचारतात, लाकूडच तर आहे, त्यात एवढं काय? लाकूड? ताडाला लाकूड म्हणायचं? मग उद्या केरसुणीला वटवृक्ष म्हणा, मी काही बोलणार नाही. तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं लेथवर उभा आहे मी, पलंगाचे पाय कातले, पाळण्याच्या कांड्या कातल्या, लाटणी, खुंट्या, खुर्च्यांचे हात, कपाटांच्या मुठी, बुद्धिबळाचे राजेसुद्धा कातले आणि एकाही राजानं तक्रार केली नाही. कातारी म्हणतात मला, नाव कोणी घेतच नाही, पोस्टमनसुद्धा दारात येऊन 'कातारी आहेत का' असंच विचारतो. लेथ म्हणजे काय, तर लाकूड दोन टोकांना घट्ट पकडायचं, मोटर त्याला गरागरा फिरवते, आपण पटाशी अलगद टेकवायची, की लाकूड आपणहून गोल होत जातं. सागवान लोण्यासारखं जातं. बाभूळ जरा कुरकुरते, पण ऐकते. आंबा ओला असला तर तोंडावर थुंकतो, तेवढंच. पण ताड... ताडाला आत वर्तुळंच नाहीत हो. कुठलंही झाड आडवं कापा, वर्तुळं मोजा, वय कळतं. ताड वय सांगत नाही. आत नुसते काळे दोरे, सुयांसारखे टणक, हजारांनी, आणि त्या दोऱ्यांच्या मधे काय भरलंय, तर मऊ भुसकट, जुन्या गादीतल्या कापसासारखं. म्हणजे एकाच पटाशीनं, एकाच वेळी, खिळेही कातायचे आणि कापूसही कातायचा. जमेल कोणाला? मला जमलं. पण का जमवलं ते ऐका, कारण काही चांगल्या मनानं जमवलेलं नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरणारा माणूस नाही.

तर हा ताड माझ्या दुकानात आणला पॉलिशनं. पॉलिश म्हणजे माणूस, बाटली नव्हे. तो आणि मी एकाच मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो, एकाच वर्षी लागलो, एकाच डब्यात जेवलो. पण त्याचा हात लेथवर कधी बसला नाही. त्यानं पटाशी लावली की लाकडाला कापरं भरायचं. शेवटी मिस्त्रींनी त्याच्या हातात फडकं दिलं, बाटली दिली, म्हणाले, तू आपला चमकवत जा. झालं, तेव्हापासून तो पॉलिश. मी कातायचं, त्यानं चमकवायचं. आणि लोकांचं कसं असतं, लोकांना चमक दिसते. गोलाई कोणी दिली हे कोण विचारतं?

त्यात आलं वाचनालयाच्या जिन्याचं काम. तीन मजले, कठड्याला ब्याण्णव खांब. एकूण एक मी कातले. अकरा महिने. एकाशेजारी एक उभे केले तर जुळ्यांच्या आईचाही गोंधळ व्हावा इतके सारखे. पॉलिश अर्थातच यानं केलं. उद्घाटनाच्या दिवशी मी घरी, तापानं फणफणलेलो, अंगावर तीन पांघरुणं. हा गेला. पुढच्या आठवड्यात मी भिंत धरत धरत माझे खांब बघायला गेलो, तर पहिल्या पायरीशी पितळी पाटी. 'कठड्याचे काष्ठकाम', आणि खाली नाव कोणाचं? याचं. वडिलांच्या नावासकट. मी तिथल्या तिथे पायरीवर बसलो. शिपाई म्हणाला, पाहुणे, जिन्यात बसायचं नाही. पाहुणे! मला!

मी काय केलं? भांडलो? छे. मी त्याला 'अहो' म्हणायला लागलो. हसू नका. पंधरा वर्षं ज्याला अरे-तुरे केलं, ज्याच्या डब्यातलं उचलून खाल्लं, त्याला एका सकाळी 'आपण बरे आहात ना' असं विचारून बघा. त्याचा चेहरा बघा. शिवी परवडली म्हणेल माणूस. एकोणीस वर्षं मी त्याला अहो-जाहो करतोय. रस्त्यात दिसला की पलीकडच्या कडेला जाऊन तिथून नमस्कार घालतोय. वाचनालयाची पायरी पुन्हा चढलो नाही, पुस्तकं बायको आणते, आणि तिच्या मनाला येईल ती आणते, त्यामुळे एकोणीस वर्षं मी विणकामाची पुस्तकं वाचतोय. मी डूख धरणारा माणूस नाही, पण उलट्या टाक्यांबद्दल मला काहीही विचारा.

बरं, आता आमचा एक कारागीर संघ आहे. सुतार, लोहार, शिंपी, कुलूपवाले, गाद्यावाले, सगळे त्यात. संघाच्या अंगणात जुना ताड होता, तो मागच्या वावटळीत पडला, नेमका सायकलींवर. आणि यंदा अध्यक्ष कोण झालं? पॉलिश. बिनविरोध. आधीचे अध्यक्ष सभा सुरू करायला टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आपटायचे, यांना ते शोभेना. यांना हवी लाकडी हातोडी. छानपैकी कातलेली, गोल डोक्याची, नक्षीदार दांड्याची, ठक ठक ठक केलं की सभा गप्प. आणि ती कशाची हवी? तर संघाच्या ताडाची. आठवण म्हणून. गावातल्या तिघा कातारींनी ओंडका बघूनच हात जोडले. मग स्वारी माझ्या दारात, हातगाडीवर ओंडका घेऊन, घाम पुसत.

"तुझ्याशिवाय हे कोणाला जमायचं नाही," तो म्हणाला.

"आपण आज्ञा करायची," मी म्हणालो.

एवढं गोड बोललो की आतून बायको बाहेर आली. माझा आवाज गोड झाला की ती हातातलं काम टाकून येते. तिनं ओंडका बघितला, त्याला बघितलं, मला बघितलं, आणि डोळ्यांनीच सांगितलं, नाही म्हणा. पण तोवर माझ्या डोक्यात चित्र उभं राहिलं होतं. भरलेली सभा. अध्यक्षमहाराज उभे. हातोडी उचलतात. ठक. ठक. आणि तिसऱ्या ठोक्याला डोकं दांड्यातून निसटून भुर्रकन उडतं आणि हातात राहतो नुसता दांडा, ढोल फुटलेल्या ढोलक्यासारखा. आणि सगळा संघ हसतोय. एकोणीस वर्षांचं हसू. मी म्हणालो, ठेवा ओंडका इथे. पंधरा दिवसांत देतो.

आता यातली गोम तुमच्या लक्षात आली का? माझ्याही नव्हती आली. एखादी वस्तू वेळेवर मोडायला हवी असेल तर ती तोपर्यंत टिकायला हवी. म्हणजे आधी ती नीट व्हायला हवी. आणि ताड काही नीट होईना.

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा मधोमध पकडला. ताडाच्या मधोमध काय असतं? काही नसतं. कुजका कापूस. मोटर सुरू केली, टोकाची खीळ आत रुतत गेली, रुतत गेली, आणि ओंडका लेथवरून सुटला तो थेट कपाटावर, तिथून माझ्या चहाच्या पेल्यावर, तिथून दारात. दारात बायको. तिनं पाय बाजूला घेतला, ओंडक्याला जाऊ दिलं, आणि आत निघून गेली. तेव्हा कळलं, ताडाचं सगळं बळ सालीलगत असतं, बाहेरच्या चार बोटांत. माणसं असतात ना, बाहेरून कडक, आत भुसकट... नावं घेत नाही मी कोणाची. मी डूख धरणारा माणूस नाही.

मग बाहेरच्या कडेची फाक काढली, ती लावली. पटाशी टेकवली तर दोन मिनिटांत धार गेली. दगडावर घासली, परत लावली, परत गेली. ताड कातला जात नाही, तो उपटला जातो. दोऱ्यामागून दोरा सुटून येतो, आणि फाक गोल व्हायच्या ऐवजी तीन दिवस दाढी न केलेल्या गालासारखी होते. आणि कुसळं! काळी, बारीक, दिसत नाहीत, फक्त कळतात. मनगटात गेली, कोपरात गेली, बनियनमधे गेली, बनियनमधून टॉवेलात गेली, टॉवेलातून बायकोच्या तळहातात गेली. तिनं दिव्याखाली तळहात धरून विचारलं, "अहो, सूड त्याच्यावर घ्यायचाय की माझ्यावर?" मी म्हटलं, कसला सूड, साधं काम आहे गिऱ्हाइकाचं. ती म्हणाली, मागच्या गिऱ्हाइकाच्या वेळी तुम्ही पटाशीशी बोलत नव्हता.

बोलत होतो मी, खोटं कशाला सांगू. पटाशीला म्हणत होतो, बाई, एवढं एक काम कर, मग तुला आयुष्यभर सागवान खायला घालतो.

सहा फाका वाया गेल्या. दोन उडाल्या, तीन फाटल्या, एक मी स्वतः भिंतीवर फेकली. सातवीच्या वेळी मात्र मी शांत बसलो, आणि म्हटलं, हे लाकूड आपल्याला काहीतरी सांगतंय, आपण ऐकत नाही. त्याला घाई नको होती. धार अशी हवी होती की अंगावरचे केस निघावेत. आणि कात, म्हणजे पटाशीचा एकेक काप, अशी हवी होती की पटाशी लागलीय का नाही हे पटाशीलाही कळू नये. दर दोन मिनिटांनी धार. दर चार कातांनी पातळ गोंद, तो हाताला लागला की कातडी घेऊनच सुटतो ना, तो. तो प्यायला द्यायचा लाकडाला. ताड तो गोंद असा पितो, की तहानलेला बैल बरा. मधला कापूस गोंद पिऊन दगड होतो, मग दोऱ्यांना पळायला जागा राहत नाही. यात माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली आणि मी अर्धा दिवस, कोणी बघेल त्याला वाटावं, चिमूटभर मीठ घेऊन फिरतोय.

पण मग जे निघालं... आता काय सांगू तुम्हाला. अंगावर काळ्या-पिवळ्या लांब रेषा, अगदी पावसाच्या सरी दिसतात तशा तिरप्या, आणि डोक्याच्या दोन्ही टोकांना नुसते ठिपके, हजार ठिपके, तितराच्या छातीवर असतात तसे. एकच लाकूड, बाजूनं बघितलं तर रेघा, टोकाकडून बघितलं तर ठिपके. मी घासत गेलो. जाड कागद, मग बारीक कागद, मग त्याहून बारीक, मग नुसतं फडकं. दांड्याला तीन कंगोरे काढले, हातात घेतला की बोटं आपोआप जागेवर बसावीत असे. मला थांबताच येईना. मोडण्यासाठी करतोय हे मला माहीत होतं, पण हातांना कोण सांगणार? हातांना सूडबीड कळत नाही. ते आपले मिस्त्रींनी शिकवलं तसं चालत राहतात.

बायकोनं ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. म्हणाली, "चौतीस वर्षांत असं काही केलं नाहीत तुम्ही."

आता सांगा, हे ऐकल्यावर कोणी शहाणा माणूस करवत हातात घेईल? मी घेतली. तिची पाठ वळल्यावर घेतली. कारण मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो आणि मला पाहुणे म्हटलं होतं.

हातोडीच्या डोक्याला मधे भोक असतं, दांड्याच्या टोकाची खुंटी त्यात बसते. ती खुंटी आतून कापली की बाहेरून काही दिसत नाही. पण किती कापायची? जास्त कापली तर पॉलिश उचलतानाच डोकं पडणार, यात मजा काय? कमी कापली तर ती दहा वर्षं ठोकत बसेल. मी अंदाजपंचे काम करणारा नाही. वाया गेलेल्या फाकांच्या दोन कच्च्या हातोड्या कातल्या, खुंट्या कापून बघितल्या, टेबलावर ठोकून बघितल्या. अर्धी कापलेली नऊ ठोके टिकली. पाऊण कापलेली तिसऱ्याला सुटली. शेजारचा घड्याळजी विचारायला आला, काय ठोकताय सकाळपासून? म्हटलं, दर्जा तपासतोय. खोटं होतं का ते? मग खऱ्या खुंटीला अगदी बारीक पात्याची करवत लावली, पाऊण कापली, फट मेणानं बुजवली, डोकं बसवलं, आणि मखमलीत गुंडाळून नेऊन दिली. तुम्हाला सांगतो, त्या रात्री मी झोपलो तो असा, की बायकोला वाटलं आजारी आहे.

सभा रविवारी सकाळी. मी ठेवणीतला शर्ट घातला. दाढी दोनदा केली. दोन तास आधी जाऊन पहिल्या रांगेत, मधोमध, लोखंडी खुर्ची धरून बसलो. बायको शेजारी. तिला काही माहीत नव्हतं, पण माझा गुडघा हलत होता आणि ती माझ्या गुडघ्याकडे बघत होती. हळूहळू सभागृह भरलं. अडीचशे माणूस. व्यासपीठावर पॉलिश, शेजारी उपाध्यक्ष, आमच्या गादीवाल्या बाई, धिप्पाड, कमी बोलणाऱ्या, सुई एका फटक्यात गादीच्या आरपार काढणाऱ्या. टेबलावर पाण्याचा जग, भाषणाचे कागद, आणि मखमलीवर माझी हातोडी. उन्हाचा एक पट्टा तिच्यावरच पडला होता. मागून लोक उठून उठून बघत होते. मीही एकदा मान लांब करून बघितलं, पण मग म्हटलं, चल, पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

पॉलिश उठला. ध्वनिक्षेपकानं शिट्टी मारली. मला वाटलं आता हातोडी उचलेल. तर यानं ना हातोडी उचलली, ना कागद. म्हणाला, सभा सुरू करायच्या आधी मला एक सांगायचंय. वाचनालयाच्या जिन्यावर माझ्या नावाची पाटी आहे. ते खांब मी कातलेले नाहीत. मला एक खांब काय, लाटणंसुद्धा कातता येत नाही. ते ब्याण्णव खांब या पहिल्या रांगेत बसलेल्या माणसानं कातले. तो त्या दिवशी आजारी होता, पाटीवाल्यानं नाव विचारलं, आणि माझ्या तोंडातून माझं नाव निघालं.

"मी म्हटलं, उद्या सांगून बदलून घेईन," तो म्हणाला. "तो उद्या यायला एकोणीस वर्षं लागली."

मग टाळ्या. आणि माझं काय झालं म्हणता? मला संताप आला. अहो, एकोणीस वर्षं जपलेला राग माझा, रोज पाणी घालून वाढवलेला, आणि या माणसानं तो चार वाक्यांत उपटून टाकला, तेही माझ्या आधी, तेही लोकांसमोर, तेही इतकं चांगलं बोलून की मागच्या बायका डोळे पुसतायत. क्षमा मागायचीच होती तर एक आठवडा आधी मागायची होती. करवत लावायच्या आधी. माणसाला काही वेळकाळ असावा की नाही?

आणि मग तो म्हणाला, पाटी उद्याच बदलतोय, आणि आज या हातोडीचा पहिला ठोका ज्यानं ती केली तोच मारेल.

आधी मला ऐकूच आलं नाही. मग बायकोनं कोपर मारलं. मग दोन शिंप्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं. मी म्हणत होतो, नको, नको, अध्यक्षांचा मान आहे, आपण मारावा, आणि लोक म्हणत होते, काय हा विनय. विनय! माझ्या पाठीतून घाम निथळत होता. व्यासपीठावर नेलं, हातोडी हातात दिली. बोटं आपोआप जागेवर बसली, कंगोरे मीच काढले होते ना.

मी पहिला ठोका मारला. ठोका कसला, मांजरानं बशीला पंजा लावावा तसा. लोक हसले. मागून ओरडले, ऐकू येत नाही. मी दुसरा मारला, पहिल्याहून हळू. म्हटलं, दोन झाले, पुरे, खाली ठेवू आणि घरी जाऊ, रातोरात बदलून टाकू. तर पॉलिश पुढे झाला. म्हणाला, "अरे, घाबरतोस काय, तुझंच काम आहे." आणि माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून त्यानं हातोडी पार खांद्यापर्यंत उचलली आणि दणकन टेबलावर आणली.

माझी मोजणी चुकत नाही. तिसरा.

डोकं उडालं. आधी पाण्याच्या जगाला लागलं, तो भाषणाच्या कागदांवर आडवा झाला, तिथून ते गादीवाल्या बाईंकडे गेलं, आणि त्यांनी ते एका हातानं झेललं. मान न वळवता. आणि व्यासपीठावर अडीचशे माणसांसमोर दांडा हातात घेऊन कोण उभा होता, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

कोणी हसलं नाही. हेच सगळ्यात वाईट. हसले असते तर मीही हसलो असतो. सगळे माझ्याकडे कणवेनं बघत होते. पॉलिशनं पटकन ध्वनिक्षेपक ओढला, म्हणाला, लाकडाचा दोष आहे, ताड असाच असतो, कोणाच्याही हातून टिकला नसता. मला वाचवत होता तो. आणि मी वाचलो असतो. मान खाली घालून खाली उतरलो असतो तर आज कोणाला काही कळलं नसतं. पण मागून एक दारं-खिडक्या करणारा सुतार हळूच शेजारच्याला म्हणाला, आणि सभागृह इतकं गप्प होतं की मला ऐकू आलं: "कातारी म्हातारा झाला. खुंटी सैल बसवली."

सैल? माझी खुंटी? बदमाश म्हणा, खुनशी म्हणा, चौकात उभं करून काय वाटेल ते म्हणा. पण सैल?

"सैल नव्हती," मी म्हणालो. ध्वनिक्षेपक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "खुंटी मी कापली होती. मुद्दाम. पाऊण कापली होती, तिसऱ्या ठोक्याला सुटावी म्हणून, आणि तिसऱ्यालाच सुटली. ताडाचा दोष नाही आणि हाताचाही नाही."

पॉलिशनं माझ्या हातातला दांडा घेतला. चष्मा लावला. खुंटीचा काप बघितला, मेण बघितलं. नखानं ते खरवडलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यासाठी मी एकोणीस वर्षं थांबलो होतो, तुम्हाला सांगतो, आणि तो समोर आला तेव्हा मला तो बघवेना.

"अरे," मी म्हणालो, आणि ते 'अरे' माझ्या तोंडातून कधी निघालं मलाही कळलं नाही, "ब्याण्णव होते रे ते. अकरा महिने."

"माहीत आहे," तो म्हणाला. "प्रत्येकावर मीच फडकं मारलंय. एकातही खोट सापडली नाही मला. शोधत होतो."

ही काय बोलायची पद्धत झाली का? आता या माणसावर कोणी कसं चिडायचं? मी डूख धरणारा माणूस नाही, पण त्या घडीला मी डूख धरायचा जिवापाड प्रयत्न केला, आणि हाताला काही लागेचना. नुसतं भुसकट.

मग संघाच्या कार्यकारिणीनं मला बोलावलं. पाच जण, समोर मी, शाळेत छड्या खायला उभं केल्यासारखा. एक म्हणाला, सभासदत्व काढा. एक म्हणाला, समज द्या. गादीवाल्या बाई इतका वेळ हातोडीचं डोकं हातात फिरवत होत्या, ठिपक्यांवरून अंगठा फिरवत होत्या. त्या म्हणाल्या, शिक्षा एकच, दुसरी करायची. त्याच ताडाची. आणि काम चालू असताना कोणीतरी समोर बसून बघायचं, करवत लागत नाही ना म्हणून. विचारलं, कोण बसेल? सगळे छताकडे बघायला लागले. पॉलिशनं हात वर केला.

घरी बायकोनं दोन दिवस माझं ताट नुसतं झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "कापायचीच होती तर एवढी घासलीत कशाला?" मी पुढ्यातली जुडी ओढून निवडायला लागलो. तुम्हाला उत्तर सुचलं तर सांगा.

तर आता असं आहे. तो रोज सकाळी दहाला येतो. माझ्याच स्टुलावर बसतो, लेथपासून वीतभर अंतरावर. माझ्या बायकोच्या हातचा चहा पितो आणि साखर कमी सांगतो. मी धार लावली की म्हणतो, झाली वाटतं. मी गोंद पाजला की म्हणतो, जास्त झाला वाटतं. गुडघ्यांबद्दल सांगतो, सुनेबद्दल सांगतो, रात्री झोप लागत नाही ते सांगतो, आणि मी लेथवर असल्यामुळे मला पळून जाता येत नाही. पहिली हातोडी चौदा दिवसांत झाली होती, ही दुसरी महिना झाला तरी होत नाही, कारण हा बोलतो आणि माझी कात चुकते, आणि ताड एक चूक माफ करत नाही. डूख धरायचा तर माणूस जरा लांब तरी असावा लागतो हो. पलीकडच्या कडेला असला तर नमस्कारातसुद्धा विष घालता येतं. वीतभरावर बसून सुनेबद्दल सांगणाऱ्याचं काय करायचं?

काल नुसता बसल्या बसल्या त्याच्या अंगठ्यात कुसळ गेलं. लहान मुलासारखा अंगठा पुढे केला माझ्यासमोर, म्हणाला, बघ रे, तुला सवय आहे. काय करणार? मोटर बंद केली. चष्मा लावला, चिमटा घेतला, त्याचा हात मांडीवर घेतला. तसं कुसळ वरच होतं, अर्ध्या मिनिटाचं काम.

मी पंचवीस मिनिटं लावली.